नाडी : नाही

रस्सीखेचीत शेवटच्या गड्याला अक्कल लागत नाही, नुसतं वजन लागतं, असं आमच्या बायकोचं मत आहे. तिनं आयुष्यात कपडे वाळत घालायची दोरी सोडून दुसरी दोरी हातात धरलेली नाही, म्हणून मी ते मनावर घेत नाही.

गेली अकरा वर्षं आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या संघात शेवटचा गडी मी आहे. पुढचे सात जण ओरडतात, घसरतात, एकमेकांच्या पायावर पाय देतात. मी दोर काखेतून घेऊन पाठीवरून खांद्यावर टाकतो, टाचा मातीत रोवतो आणि मागे रेलून उभा राहतो. मग कोणी काहीही करो. वीज कार्यालयाच्या संघानं माझं नाव 'मैलाचा दगड' असं ठेवलं आहे. त्यांनी ते कुचेष्टेनं ठेवलं असावं, पण मी ते मानानं वापरतो.

यंदा सामन्याच्या पंधरा दिवस आधी आस्थापना विभागातून परिपत्रक आलं. पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूंनी वैद्यकीय तपासणी करून तंदुरुस्तीचा दाखला सादर करावा, दाखल्याशिवाय मैदानात उतरू दिलं जाणार नाही. परिपत्रक सर्वांसाठी होतं, पण संघात पन्नाशी ओलांडलेला माणूस एकच होता आणि तो ते वाचत होता.

मला काळजी वाटली नाही. एक तर मी रेकॉर्ड विभागात आहे. तेवीस वर्षं कागद बघतोय, कागदाला भिणारा माणूस तिथं टिकत नाही. दुसरं म्हणजे महिनाभर मी रोज सकाळी चालायला जात होतो. या चालण्यावरून घरात आणि कार्यालयात दोन तट पडले होते. बायकोचं म्हणणं, ब्याण्णव किलो वजन हे माणसाचं नसून कपाटाचं असतं, ते उतरलंच पाहिजे. आमच्या संघाचा कप्तान मुख्य नळाच्या दुरुस्तीवर असतो. त्यानं मला वजनकाट्यावर उभं केलं, काटा एक्क्याण्णवावर थांबलेला पाहिला आणि म्हणाला, "साहेब, सामना होईपर्यंत तब्येत सुधारू नका, पाया पडतो." मी दोघांचंही मन राखलं. सकाळी चालत होतो आणि परतताना बेकरीवरून येत होतो.

तपासणीला जायच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरचे कंपाउंडरकाका खाली उतरले. त्यांनी एका डॉक्टरांच्या हाताखाली चाळीस वर्षं पुड्या बांधल्या. डॉक्टर निवर्तले, दवाखाना बंद झाला, पण सल्ल्याचा साठा अजून संपलेला नाही.

"उपाशी पोटी जा," काका म्हणाले. "आणि दोन तांबे पाणी पिऊन जा. पोटाचा फोटो काढतात तेव्हा आत पाणी लागतं. कितीही लागली तरी सोडायची नाही."

"आणि त्यांनी बाटली दिली तर?"

"बाटली शेवटी देतात," काका ठामपणे म्हणाले.

बाटली सुरुवातीलाच देतात. तपासणी केंद्राच्या दारातच माझ्या हातात ती ठेवण्यात आली आणि कोपऱ्यातलं दार दाखवण्यात आलं. दोन तांबे पोटात घेऊन सात वाजल्यापासून पाय आवळून बसलेल्या माणसाला तिथं तत्त्वाला चिकटून राहणं जमत नाही. मी बाहेर आलो तो हलका आणि प्रसन्न होऊन. पोटाचा फोटो काढणाऱ्या गृहस्थांनी मशीन फिरवलं आणि माझ्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. "काका, आत काहीच नाही. बाहेर बसा, पाणी प्या, भरलं की सांगा." मी त्यांच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा असेन. पण रिकाम्या मूत्राशयानं वाद घालायला मला प्रशस्त वाटलं नाही. पुढचा दीड तास मी पाण्याच्या पिंपाशेजारी बसून पाणी पीत होतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला केंद्राचा पाणीवाला समजून पेला मागत होता. पाणीपुरवठा खात्यात असल्यामुळे मी कोणाला नाही म्हटलं नाही.

तपासणीचे तीन प्रकार होते, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य. परिपत्रकात 'किमान तपासणी' म्हटलं होतं, म्हणून मी कांस्य घेतलं.

"कांस्यमध्ये हृदय येत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "हृदय रौप्यपासून पुढे."

"हृदयाची काही तक्रार नाही," मी म्हणालो, आणि हे मी इतक्या खात्रीनं म्हणालो की मागे रांगेतल्या एका बाईंनी रौप्य बदलून कांस्य करून घेतलं.

आता मुख्य प्रसंग. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढे माझ्यावर बराच अन्याय झाला. छातीच्या फोटोआधी अंगावरच्या वस्तू काढून ठेवायच्या असतात. एक मावशी हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या. शेजारच्या टेबलाशी दुसरी एक मुलगी संगणकासमोर बसली होती आणि आम्हा माणसांकडे न बघता काम करण्याची तिला उत्तम सवय होती.

"घड्याळ?" मावशींनी विचारलं. मी घड्याळ दिलं.

"चेन, अंगठी?"

"नाही."

"पट्टा?"

"नाही." सूचनापत्रात सैल कपडे घालून यावं असं लिहिलं होतं, म्हणून मी झोपायचा पायजमा घालून गेलो होतो. मावशी ट्रे घेऊन आत गेल्या.

"नाडी?" आवाज आला.

"नाही," मी म्हणालो. "इलॅस्टिक आहे."

टक टक टक असं काहीतरी वाजलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. घड्याळ, चेन, पट्टा यांच्यानंतर सरळमार्गी माणूस नाडीचा जो अर्थ घेईल तोच मी घेतला. नाडीला पुढं लोखंडी टोक असतं कधीकधी, म्हणून विचारलं असेल. हा प्रश्न त्या मुलीनं मावशींना विचारला होता, मावशी तिथं नव्हत्या, आणि तिच्या पडद्यावर वस्तूंचा नव्हे तर प्रकृतीचा रकाना उघडा होता, हे मला कसं कळावं?

संध्याकाळी लिफाफा घरी आला. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. लोक कागदाचा शेवट आधी वाचतात. मी तसला माणूस नाही. साखर बरोबर, रक्त बरोबर, उंची अर्धा इंच कमी लावली होती, पण तेवढं मी सोडून दिलं. आणि मग सातवी ओळ आली.

नाडी : नाही. शेरा : इलॅस्टिक.

त्याच्या खाली, शिक्क्यानिशी, ठळक अक्षरांत : 'वरील व्यक्ती क्रीडास्पर्धेत भाग घेण्यास योग्य आहे.'

मी तो कागद बायकोच्या पुढे धरला. मला वाटलं ती हसेल. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझं मनगट धरलं. अंगठ्यानं इकडे दाबलं, तिकडे दाबलं.

"अगं, आहे," मी म्हणालो. "पायजम्याची विचारलीय असं वाटलं मला."

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. "लागत नाहीये." मग थोड्या वेळानं, "लागली." पण मनगट तिनं लगेच सोडलं नाही.

बातमी जिन्यानं वर गेली. कंपाउंडरकाकांनी कागद उजेडात धरला. "इलॅस्टिक," ते गंभीरपणे म्हणाले. "वयोमानानं शीर ताण सोडते. आमच्या डॉक्टरांकडे असा एक पेशंट यायचा."

"मग त्याचं काय झालं?" बायकोनं विचारलं.

"यायचा बंद झाला."

समोरच्या दारातले विमावाले चौकशीला आले. माझ्याशी दोन मिनिटं हवापाण्याचं बोलून ते आत बायकोकडे वळले आणि पॉलिसीवर वारसाचं नाव नीट लावलंय ना, एवढंच त्यांनी हळूच विचारलं. माझ्यादेखत.

दुसऱ्या दिवशी मी कागद क्रीडाचिटणिसांना दाखवला. ते आस्थापना विभागात बसतात आणि खुर्चीतून उठण्याला व्यायाम समजतात. त्यांनी कागदाचा तळ पाहिला. "योग्य लिहिलंय ना? द्या इकडे, फायलीला लावतो."

"अहो, पण वर नाडी नाही लिहिलंय."

"मी खालचंच बघतो," ते म्हणाले. "वरचं बघायला लागलो तर या कार्यालयात कोण खेळायला उरेल?"

इथं दुसऱ्या कोणीही माणसानं कागद दिला असता. कप्तानही म्हणाला, द्या आणि मोकळे व्हा. शनिवारी सामना, आज सोमवार. पण मी रेकॉर्ड विभागातला माणूस आहे. ज्याच्या हातून तेवीस वर्षांत एक चुकीची नोंद पुढे गेली नाही, त्याच्या स्वतःच्या नावासमोर नाडी नाही? उद्या मी निवृत्त होईन, परवा जाईन, पण कागद राहील. पन्नास वर्षांनी कोणीतरी फाईल काढेल आणि म्हणेल, पाणीपुरवठा कार्यालयानं नाडी नसलेला माणूस दोर ओढायला उभा केला होता. मला हे सहन होईना. मी कागदाच्या दोन छायाप्रती काढल्या, सवयच आहे, आणि दुरुस्तीसाठी तपासणी केंद्रात गेलो.

काउंटरवरच्या मुलीनं माझा क्रमांक घातला आणि पडद्याकडे पाहत राहिली. "काका, तुमची नोंद बंद झालीय. नाडी नाही टाकलं की संगणक नोंद बंद करतो. आता दुरुस्ती नातेवाइकांमार्फतच करावी लागेल."

"मी स्वतः उभा आहे समोर."

"हो, दिसताय," ती समजुतीनं म्हणाली. "पण संगणकाला दिसत नाही ना. कोणी नातेवाईक आहे का सोबत?"

मी घरी फोन केला. बायको हातातलं काम टाकून आली. ही बाई माझ्या कार्यालयाच्या कोणत्याही कामाला आजवर पाऊलभर आली नव्हती. अर्ज मी सांगितला, तिनं लिहिला : 'माझ्या पतींस नाडी आहे, तरी तशी नोंद व्हावी ही विनंती.' अर्जात एक रकाना होता, 'केव्हापासून?'

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"जन्मापासून."

"मी काय बघायला होते? लग्नापासून लिहिते." आणि तिनं तसं लिहून खाली सही केली. साक्षीदार म्हणून त्या ट्रेवाल्या मावशींनी अंगठा दिला. त्यांना अर्ज वाचून दाखवला तेव्हा त्या हसू लागल्या, त्यांना हसताना बघून मुलगी हसू लागली, आणि सबंध काउंटर माझ्या पायजम्याकडे बघू लागला. मी त्या दिवशी पँट घातली होती, तरीही.

अर्जावर मोठ्या डॉक्टरीणबाईंची सही लागणार होती. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी बसत. मंगळवारी त्यांना अचानक बाहेरगावी जावं लागलं. तेव्हा आम्ही शुक्रवारी अकराला गेलो. बायकोला मी येऊ नको म्हटलं होतं. ती आलीच.

डॉक्टरीणबाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला. तोंडाचा कोपरा किंचित हलला, तेवढंच. "या, बघू," म्हणाल्या. माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागल्या. मी रुबाबात बसलो होतो. आता सत्याचा विजय अर्ध्या मिनिटावर आला होता.

अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. बाईंनी हात बदलला.

"जिना चढताना थांबता का?"

"थांबतो," मी म्हणालो, "पण ते शेजाऱ्यांशी बोलायला."

"शेजारी नसले तरी थांबतात," बायको म्हणाली. "चार महिने झाले."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, डॉक्टरीणबाईंच्या बोटांकडे बघत होती.

मग मला रौप्यमध्ये बढती मिळाली. छातीला तारा लावल्या, पट्टी निघाली, बाईंनी ती टेबलावर पसरून त्यावर पेननं बारीक खुणा केल्या. "दर चार-पाच ठोक्यांमागे एक गळतोय," त्या म्हणाल्या. "घाबरण्यासारखं आज काही नाही. गोळ्या देते, नियमित घ्या. चालणं चालू ठेवा, सावकाश. तीन महिन्यांनी परत या. हे आत्ता कळलं ते बरं झालं."

"ठीक आहे," मी म्हणालो. "दाखल्यावर सही करता? उद्या सामना आहे."

"कसला?"

मी सांगितलं. शेवटचा गडी, अकरा वर्षं, मैलाचा दगड, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "दोर ओढताना माणूस श्वास कोंडून धरतो," त्या म्हणाल्या. "तुमची नाडी आधीच ठोके गाळतेय. दोन्ही एकदम झालं, तर आमच्या संगणकानं लिहिलंय ते खरं ठरेल."

त्यांनी दाखला पुढे ओढला. सातव्या ओळीतला 'नाही' एका सरळ रेघेनं खोडला, वर 'आहे, अनियमित' असं लिहिलं. इलॅस्टिक खोडलं. प्रत्येक खाडाखोडीशेजारी आद्याक्षरी सही केली. मग खाली आल्या आणि 'योग्य'च्या आधी, अक्षराला अक्षर लावून, एक 'अ' लिहिला. तिथंही सही केली. तेवीस वर्षांत इतकी स्वच्छ दुरुस्ती मी पाहिली नव्हती. एकच अक्षर, आणि बाकी वाक्य जसंच्या तसं.

दुपारी मी कार्यालयात गेलो. क्रीडाचिटणीस माझीच वाट बघत होते. संघाची यादी टाईप झालेली होती आणि आठव्या नावासमोर दाखल्याची जागा मोकळी होती. माझ्या डाव्या खिशात डॉक्टरीणबाईंनी दुरुस्त केलेला कागद होता. उजव्या खिशात सोमवारची छायाप्रत होती, शिक्क्यासकट, आणि तिच्या तळाशी 'योग्य' असं लिहिलेलं होतं. चिटणीस तळच बघतात, हे मला ठाऊक होतं. एक सामना, फार तर पाच मिनिटं. गोळ्या रविवारपासून घेता आल्या असत्या.

खोटं कशाला सांगू, माझा हात आधी उजव्याच खिशात गेला. छायाप्रत बाहेर आलीसुद्धा. आणि तेवढ्यात मला बायकोचा तो चेहरा आठवला, बोटांकडे बघणारा. चार महिने ही बाई जिन्यात माझ्या मागे उभी राहून माझे थांबे मोजत होती आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती, कारण बोललेलं मला खपलं नसतं. मला भीती वाटली. स्वतःची थोडी, तिच्यासाठी जास्त. मी छायाप्रत फाडली आणि डावा खिसा रिकामा केला.

"हे काय?" चिटणीस म्हणाले. "अ कुठून आला?"

"मीच आणवला," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

शनिवारी मी मैदानावर गेलो. घरी बसलो असतो तर शेजाऱ्यांना वाटलं असतं मी रुसलोय. माझ्या जागी मीटर वाचणारे एक गृहस्थ घेतले होते, वजन शहाण्णव, अनुभव शून्य. मी त्यांना दोर काखेतून कसा घ्यायचा, टाचा कुठं रोवायच्या ते दाखवलं. पोराला पहिल्यांदा शाळेत सोडताना बापाची होते तशी माझी अवस्था झाली होती. वीज कार्यालयाचे लोक ओरडले, "दगड हलला रे!" मी हात हलवून त्यांना नमस्कार केला.

बायको शेजारी येऊन बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती सामना बघायला आली होती.

शिट्टी झाली. मी बसल्या जागी टाचा रोवल्या. मनात म्हटलं, आता बघा, शेवटच्या माणसाची अक्कल काय असते ते यांना कळेल, दोर पुढे जाईल, कप्तान माझ्याकडे वळून बघेल. कप्तानानं वळून बघितलं नाही. पहिला डाव आमच्या संघानं चाळीस सेकंदांत जिंकला. दुसरा पंचवीस सेकंदांत. सरळ दोन डावांत आम्ही कधी जिंकलो होतो ते मला आठवेना, आणि माझ्या आठवणीत कोणतीही नोंद सहसा सुटत नाही. मीटरवाल्यांना लोकांनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि वजन बघून बेत सोडला.

मी टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वाजवल्या. मग हात खाली आले आणि मी गवताकडे बघत बसलो. वाईट वाटत होतं, ते लपवायचं कशाला?

"माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही," मी म्हणालो.

"नाही अडलं," बायको म्हणाली. तिनं माझं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि बोटं बरोबर जागेवर ठेवली, आता तिला ती जागा सापडत होती. "माझं अडलं असतं."

ती मोजत होती, आणि मोजणाऱ्याला मध्ये बोलू नये.